जुनं व्ही-८ इंजिन: स्पार्क प्लगची हीट शील्ड, पत्रा कोणता आणि बोल्ट किती लांब?

माजिवडा_मॅनिफोल्ड

गाडी शेवरले इम्पाला, १९६६. २८३ घनइंचाचं व्ही-८, कास्ट आयर्नचे मॅनिफोल्ड (एक्झॉस्टचा धूर गोळा करणारे नळे), उजवं स्टिअरिंग, पॉइंटवाला डेल्को डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा). उजव्या बाजूच्या ६ आणि ८ नंबरच्या प्लगचे बूट (वायरीच्या टोकाच्या टोप्या) कडक होऊन तडकलेत. वायरी नव्याच आहेत, ७ मिमीच्या. घोडबंदर रोडला गायमुखाजवळ अर्धा तास रांगेत राहिली की मिसिंग (मध्येच सिलिंडर न पेटणं) सुरू, थंड झाली की बंद. प्लगच्या बुटांना मॅनिफोल्डची झळ लागू नये म्हणून लावतात ती पत्र्याची शील्ड ब्लॉकवर एकही नाही.

तयार संच बाहेरून मागवावा की वागळे इस्टेटला पत्रा कापून घ्यावा? घेतला तर कुठला, किती जाड, मॅनिफोल्डपासून किती लांब? शिवाय ब्लॉकच्या बाजूच्या भोकांत काळं काहीतरी घट्ट बसलंय, बोल्ट दोन आटेसुद्धा जात नाही. फोटो चढत नाहीयेत, म्हणून सगळं शब्दांत.

---

डेल्को

पत्र्याला हात लावण्याआधी एक बघा. दोन्ही बाजूंचे बूट सारखे जळत असतील तर ती साधी उष्णता. फक्त उजवेच जळत असतील तर उजवीकडे काहीतरी जास्तच तापतंय.

या इंजिनात उजव्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी, जिथे खालचा पाइप जोडतात तिथे, हीट रायझरची झडप असते. बाहेरून गुंडाळलेली स्प्रिंग आणि एक वजन दिसतं. थंड इंजिनात ही झडप बंद राहून उजव्या बाजूचा धूर इनटेकच्या खालच्या वाटेने डावीकडे वळवते. हेतू एवढाच, की बर्फाच्या मुलखात कार्ब्युरेटर लवकर गरम व्हावा. ठाण्यात त्याचा उपयोग शून्य. पन्नास वर्षांच्या गंजाने झडप बंद अवस्थेत अडकली की उजवा मॅनिफोल्ड भट्टी होतो, कार्ब्युरेटरखालीही उकळायला लागतं.

इंजिन पूर्ण थंड असताना वजन हाताने हलवा. ते अलगद फिरलं पाहिजे. अडकलं असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, हळू हळू ठोकून मोकळं करा आणि तारेने उघड्या स्थितीत बांधून टाका. झडप काढलीच तर तिच्या जाडीची रिंग मध्ये घालावी लागते, नाहीतर पाइप जुळत नाही.

दुसरं म्हणजे टायमिंग. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल सिलिंडरमध्ये पुरतं जळत नाही, उरलेलं जळणं मॅनिफोल्डमध्ये होतं. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा (इंजिनच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेचा) पडदा फाटला असेल तर हेच होतं. नळी काढून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. ओढ टिकली आणि आतली प्लेट सरकली तर पडदा शाबूत. कार्ब्युरेटर गरीब मिश्रण (पेट्रोल कमी, हवा जास्त) देत असेल तरी मॅनिफोल्ड तापतो.

---

कोपरी_पूल

एवढा खटाटोप कशाला? बुटांवर फायबरग्लासचे मोजे मिळतात, ६५० अंशांचे. आठ मोजे घाला आणि विसरा.

---

पत्राकाम_रबाळे

@कोपरी_पूल, मोजा उष्णता अडवत नाही, तिला उशीर करतो. हायवेवर वारा लागतो तोवर तो पुरतो. रांगेत अर्धा तास उभी गाडी म्हणजे वारा नाही, आणि बुटाच्या मागेही गरम हवाच. मोजा हळूहळू आतपर्यंत तापतो. शिवाय पावसाळ्यात पाणी आणि व्हॉल्व्ह कव्हरमधून गळणारं ऑइल पितो. ओला, तेलकट मोजा बुटाला चिकटून बसला की करंटला ब्लॉकवर उतरायची आयती वाट. शील्डबरोबर मोजे घातले तर हरकत नाही, शील्डऐवजी नको.

पत्रा का चालतो ते समजलं की जाडीचा प्रश्न आपोआप सुटतो. मॅनिफोल्डकडून बुटाकडे येणारी उष्णता मुख्यतः किरणांनी येते आणि ती केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. मॅनिफोल्ड ६०० अंशांवरून ४५० वर आला तर ही उष्णता निम्म्याहून कमी होते. म्हणून @डेल्को यांचं टायमिंगचं बोलणं अगदी बरोबर, आधी तेच. आणि मध्ये एक पत्रा घातला, तो काळा असला तरी हिशेबाने निम्मी उष्णता अडते. चकचकीत असेल तर आणखी बरीच. पत्र्याची जाडी इथे जवळजवळ बिनमहत्त्वाची. जाडी लागते ती ताठपणासाठी, पत्रा थरथरू नये म्हणून.

आता माप:

पत्रा स्टेनलेस ३०४, ०.८ मिमी. १ मिमी घेतला तर हाताने जुळवून वाकवताना जीव जातो, ०.५ मिमी खडखडतो. माइल्ड स्टील १ मिमीसुद्धा चालतं, जुनी शील्ड साध्या दाबलेल्या पत्र्याचीच असत, पण आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा अजिबात नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि त्यावर वेल्डिंग केलं तर जो पांढरा धूर निघतो तो श्वासात जायला नको. अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं, म्हणजे कागदावर चालेल, पण त्याच्या खूप आधीच मऊ पडतं आणि भोकापाशी फाटतं.

आधी खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा कापा. एका पत्र्याआड दोन प्लग, म्हणजे एकूण चार तुकडे. पुठ्ठा जागेवर धरून, प्लग आणि बूट लावलेल्या अवस्थेत, मॅनिफोल्डपासून किमान १० मिमी आणि बुटापासून ६ ते ८ मिमी जागा राहते का बघा. हवा फिरायला दोन्ही बाजूंना जागा हवीच. शील्ड मॅनिफोल्डला टेकली तर ती शील्ड राहत नाही, तव्याचा दांडा होते.

साचा जुळला की वागळे इस्टेटला किंवा इकडे रबाळे-महापेला लेझर कटिंगवाले आहेतच. चारच तुकड्यांचं काम म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्यांच्याकडचा उरलेला तुकडा मागा, ३०४ चे ठिकरे पडलेलेच असतात. बोल्टचं भोक गोल करू नका, ११ मिमी रुंद आणि १८ मिमी लांब असं लांबट कापा, म्हणजे जागेवर सरकवून जुळवता येतं. वरची कड ५ मिमी उलटी दुमडून घ्या. दुमड हाच ताठपणा. खालच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात ५ मिमीचं भोक ठेवा, नाहीतर तिथे चिखल आणि पाणी साठतं. मॅनिफोल्डकडची बाजू चकचकीत ठेवा, रंग देऊ नका.

आणि सगळ्या कडा कानशीने मारून घ्या. लेझरने कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. वायरीचं आवरण एका ट्रिपमध्ये कापते.

---

टॉर्कपाना_तुर्भे

भोकांबद्दल मी सांगते. उत्साहात बरेच ब्लॉक इथेच बिघडतात.

पहिलं: हे अमेरिकन ब्लॉक आहे, आटे इंचाचे. ही भोकं ३/८ इंच, १६ आट्यांची असतात. तुमच्या डब्यातला १० मिमीचा बोल्ट दिसायला अगदी तसाच, पण ३/८ म्हणजे ९.५ मिमी आणि आट्यांचं अंतर १.५९ मिमी, १० मिमीच्या बोल्टचं १.५. जोर लावला तर एक-दोन आटे जातो आणि तिथेच ब्लॉकचे आटे खातो. तुमचा बोल्ट "दोन आटेसुद्धा जात नाही" म्हणालात, तो मेट्रिकचा नव्हता ना? तसा असेल तर थांबा. आटे मोजायचं गेज लावून बघा.

भोक साफ करताना नवीन धारेचा टॅप मारू नका, तो धातू कापतो. आटे साफ करणारा चेझर वापरा, किंवा जुन्या ३/८ बोल्टला लांबीने दोन खाचा पाडून घरच्या घरी चेझर करा. गंज सोडवणारं तेल, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, बाहेर काढून पुसा, परत. भोक आंधळं असतं, आरपार नाही, त्यामुळे कचरा तळाशी साचतो. शेवटी हवा मारा, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

दुसरं: बोल्टची लांबी. सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच. बोल्ट लांब असला की भोकाच्या तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो, तुम्हाला वाटतं झालं, पण पत्रा मोकळाच. शंभर किलोमीटरवर खडखड. आगपेटीच्या काडीने खोली मोजा. त्यातून २ मिमी वजा करा, पत्र्याची आणि वॉशरची जाडी मिळवा. तेवढाच बोल्ट.

तिसरं: ब्लॉकच्या बाजूला, खाली, ऑइल पॅनच्या जवळ एक चौकोनी डोक्याचा प्लग दिसेल. तो पाणी काढायचा प्लग, पाइपच्या आट्यांचा. शील्डच्या भोकांशी त्याचा संबंध नाही. तो सोडलात तर कूलंट अंगावर.

चौथं: भोकं सापडलीच नाहीत तर ब्लॉकला नवीन भोक पाडायचं नाही. त्या भिंतीच्या पलीकडे पाण्याचं जॅकेट आहे.

आट्यांना तांब्याचं किंवा निकेलचं अँटिसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, थोडंच. आटे चिकटवणारं लाल लॉकटाइट इथे निकामी, साधारण १५० अंशांपुढे ते धरत नाही. घट्टपणा २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे, पत्राच धरायचाय. स्प्रिंग वॉशर उष्णतेने मऊ पडतो, दातेरी स्टेनलेस वॉशर घ्या.

---

माजिवडा_मॅनिफोल्ड

@टॉर्कपाना_तुर्भे ताई, बोल्ट १० मिमीचाच होता. वेळेवर थांबवलंत. उजवीकडची पुढची दोन भोकं चेझरने साफ झाली, मागच्या एका भोकात तुटलेला बोल्ट आहे, पृष्ठभागाच्या थोडा आत.

@डेल्को, झडप बंद अवस्थेत अडकलेली. तेल मारून ठेवलंय.

मागचं भोक सोडून मॅनिफोल्डच्या बोल्टखालीच शील्डचा कान दाबला तर?

---

टॉर्कपाना_तुर्भे

नको. मॅनिफोल्डचे बोल्ट टोकाकडचे २० आणि मधले ३० फूट-पाउंडला ओढलेले असतात, आणि मॅनिफोल्ड तापल्यावर लांबीत वाढतो तेव्हा त्यांच्याखाली सरकतो. मध्ये पातळ पत्रा घातला की तो दबतो, बोल्टचा ताण जातो, गॅस्केट फुंकतं, म्हणजे जोडातून धूर निसटतो. वर मॅनिफोल्डची सगळी उष्णता सरळ शील्डमध्ये उतरते ती वेगळीच.

तुटलेला बोल्ट आत असेल तर त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून मिग वेल्डिंगने टाका मारा. बोल्ट वेल्डिंगने तापतो, निवताना आक्रसतो आणि गंजाची पकड सुटते. लाल उतरून काळा झाला की सोडवा, गरम असतानाच. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढलेली हवी. उलट्या आट्याचं एक्स्ट्रॅक्टर शेवटचा उपाय, ते आत तुटलं तर त्याला ड्रिलही लागत नाही.

---

अँबीवाला_ऐरोली

वाचतोय. एक भाबडा प्रश्न. अ‍ॅम्बॅसेडर १४८९ ला असं काही करावं का? उन्हाळ्यात तिचीही तब्येत बिघडते.

---

डेल्को

करू नका भाऊ. त्या इंजिनात प्लग एका बाजूला आणि मॅनिफोल्ड समोरच्या बाजूला, प्लगना झळच लागत नाही. तुमच्याकडे कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. उन्हाळ्यात बिघडतं ते पेट्रोलचं. कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक पॅकिंगचा ठोकळा आणि पत्रा जागेवर आहे का तेवढं बघा. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

---

पत्राकाम_रबाळे

@माजिवडा_मॅनिफोल्ड, उजवं स्टिअरिंग म्हणालात म्हणून आठवलं. पुठ्ठ्याचा साचा स्टिअरिंगचा दांडा जागेवर असतानाच बघा, आणि इंजिनच्या रबरी माउंटिंगचा हिशेब ठेवा. रेस दिल्यावर इंजिन एका बाजूला झुकतं. उभ्या इंजिनात ५ मिमी जागा दिसते ती रेसमध्ये शून्य होते. कुणाला तरी आत बसवून, ब्रेक दाबून, थोडी रेस देऊन इंजिन किती हलतं ते बाजूला उभं राहून बघा, समोर नाही.

---

डेल्को

आता बसवायचा क्रम, कारण क्रम चुकला की परत सगळं उघडावं लागतं.

इंजिन रात्रभर थंड. बॅटरीची निगेटिव्ह काढा, ही पायरी टाळू नका: स्टार्टर उजवीकडे खाली आहे आणि त्याच्या सोलेनॉइडच्या बोल्टवर बॅटरीची वायर थेट येते, चावी बंद असली तरी तिथे करंट. पाना किंवा पत्रा तिथे टेकला तर फटाका. गाडी उचलायची तर जॅकवर नाही, स्टँडवर.

वायरींना १ ते ८ नंबर चिकटवा. डावीकडे पुढून १-३-५-७, उजवीकडे २-४-६-८. बूट ओढताना वायर धरून ओढायचा नाही, बूट फिरवून सैल करून काढायचा. प्लगभोवती हवा मारा, मगच प्लग काढा, नाहीतर कचरा सिलिंडरमध्ये.

१९६६ च्या हेडला वॉशरवाला १४ मिमीचा प्लग लागतो, १३/१६ इंचाची गोटी (सॉकेट). सत्तरीच्या सुरुवातीनंतरच्या हेडना निमुळत्या बैठकीचा, ५/८ गोटीचा. कुणी मधल्या काळात हेड बदललं असेल तर नावावर जाऊ नका, बैठक बघा. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकेपर्यंत, मग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. टॉर्कपान्याने २५ ते ३० न्यूटन-मीटर. निमुळता फक्त सोळाव्या हिश्श्याएवढा फेरा. निमुळता प्लग वॉशरवाल्यासारखा आवळला तर पुढच्या वेळी निघत नाही. गॅप ०.९ मिमी. प्लगच्या आट्यांना अँटिसीझ नको, आधीच मुलामा असतो आणि गुळगुळीत आट्यांमुळे टॉर्कपाना खोटं बोलतो.

प्लग आधी, मग शील्ड सैल बोल्टवर, मग बूट. आता आठही ठिकाणी अंतर बघा, शील्ड सरकवून जुळवा आणि शेवटी आवळा. बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर, टर्मिनलवर नाही.

प्लगचा गरम-थंडपणा शील्डने बदलत नाही. बूट जळतायत म्हणून "थंड" प्लग घालणारे भेटतात, त्याने फक्त प्लगवर काजळी धरते. तरीही बदलायचा असेल तर लक्षात ठेवा, एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, एसी आणि चॅम्पियनमध्ये वाढला की गरम. उलटसुलट घालून पिस्टन भाजण्याइतकी सोपी चूक दुसरी नाही.

आणि वायरींची वाट. पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. म्हणजे ५ नंतर लगेच ७, आणि हे दोन्ही डावीकडे शेजारी शेजारी. यांच्या वायरी एकाच क्लिपमध्ये चिकटून लांबवर गेल्या तर ५ चा करंट ७ मध्ये उमटतो आणि ७ वेळेआधी पेटतो. आवाज खडखडीचा येतो आणि लोक शील्ड काढून फेकतात. दोघींना वेगळ्या खाचेत बसवा, जिथे जवळ यावंच लागेल तिथे काटकोनात ओलांडू द्या.

---

कोपरी_पूल

मोज्यांचं मागे घेतो. पण वायर मुळातच खराब असेल तर? शील्ड लावून काय फायदा?

---

डेल्को

रास्त. दोन तपासण्या. मीटरवर वायरीचा रेझिस्टन्स बघा, लांबीच्या प्रमाणात यायला हवा. वायर वाकवताना आकडा उड्या मारत असेल तर आत कार्बन तुटलाय, फेका. आणि रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बुटांजवळ पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या चढताना दिसल्या तर बूट गेला. हात लांब, फवारा बाटलीचा, नळीचा नाही. फवारा गरम मॅनिफोल्डवर जाऊ देऊ नका, तापलेलं बीड तडकतं.

एकदा तडकलेला बूट शील्डने बरा होत नाही. ६ आणि ८ चे आधी बदलाच, सिलिकॉनचे.

---

माजिवडा_मॅनिफोल्ड

मागचा बोल्ट नट टाकून निघाला. झडप तारेने उघडी बांधली. ३०४, ०.८ मिमीचे चारही तुकडे बसवले, मॅनिफोल्डकडे १२ मिमी, बुटाकडे ७. ८ नंबरला मात्र ५ च मिळाले, तिथे सरळ बुटाऐवजी काटकोनी बूट घातला.

अर्धा तास जागेवर आयडलिंग, मिसिंग नाही. पण आता एक टिकटिक येते. ७०० आरपीएमला नाही, ११०० ते १२०० च्या दरम्यान येते, त्यावर रेस दिली की जाते. गॅस्केट फुंकतंय की शील्ड?

---

टॉर्कपाना_तुर्भे

शील्ड. गॅस्केटची फुंकर थंड असताना जोरात आणि मॅनिफोल्ड तापून पसरल्यावर कमी होते, रेसबरोबर वाढत जाते. ठरावीक आरपीएमलाच येणारी आणि पुढे नाहीशी होणारी टिकटिक म्हणजे पत्रा इंजिनच्या कंपनाशी सुरात आलाय. लांब लाकडी दांड्याने एकेक शील्ड दाबत जा, ज्याला दाबल्यावर आवाज थांबेल ती.

बहुधा मागची उजवी असेल, काटकोनी बुटासाठी तिची दुमड कापलीत ना?

---

माजिवडा_मॅनिफोल्ड

हो. ३० मिमी कापली.

---

पत्राकाम_रबाळे

मग तिथे पत्रा लोळतोय. नवीन कापू नका. पत्र्याच्या मध्यावर, बोल्टपासून वरच्या कडेपर्यंत, एक लांबट उठाव द्या: लाकडाच्या ठोकळ्यावर खाच पाडा, त्यात पत्रा ठेवून ८ मिमीच्या गोल सळीने हातोडीचे बेताचे ठोके मारा. ३ मिमी उठाव आला की पत्रा दुमडीइतकाच ताठ. उठाव मॅनिफोल्डच्या बाजूला काढा, बुटाच्या बाजूला काढला तर आहेत त्या ५ मिमीतले ३ जातील.

आणि दोन-तीनदा इंजिन पूर्ण तापून थंड झालं की चारही बोल्ट परत २० न्यूटन-मीटरला तपासा.